पाच इंची तयार चौकोन आणि बारा इंची चांदणी

प्रश्न थोडक्यात असा. क्विल्टसाठी, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीसाठी, सॉटूथ स्टारचा, म्हणजे आठ टोकांच्या चांदणीचा, १२ इंची ब्लॉक (क्विल्टचा एक चौकोनी भाग) करायचा आहे. पॅटर्नमध्ये मधला चौकोन साडेसहा इंचांचा, कोपऱ्यांचे चार आणि टोकांचे आठ चौकोन साडेतीन इंचांचे, आणि चार आयत साडेतीन बाय साडेसहाचे कापायला सांगितले आहेत. असे २० ब्लॉक, चार बाय पाच. हातात मात्र ५ इंची तयार चौकोनांचे दोन पॅक आहेत, प्रत्येकी ४२ तुकड्यांचे, आणि पार्श्वभूमीला वेगळं पांढरं कापड. मधल्या साडेसहाच्या जागी ५ बसवायचे म्हणून तुम्ही सगळीच मापं ५ भागिले ६.५ या हिशेबाने लहान केलीत. साडेतीनचे दोन इंच साडेपाच सूत झाले. ब्लॉक शिवला, पण चांदणीची टोकं शिवणीत गेली. हिशेबाने कच्चं माप, म्हणजे बाहेरच्या शिवणीची जागा धरून, ९.६ इंच यायला हवं होतं, आलं नऊ इंच तीन सूत. गणित चुकलं की शिवण?

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हणजे दोन सूत. क्विल्टच्या मापांना हा हिशेब फार सोयीचा पडतो, म्हणून खाली सगळीकडे तोच वापरते.)

शिवण चांगली आहे तुमची. उलट इतकी नेटकी आहे की गणिताची चूक जशीच्या तशी ब्लॉकमध्ये उतरली. हात ढिला असता तर कदाचित कळलीही नसती.

पॅटर्नमध्ये छापलेलं कापायचं माप हे दोन गोष्टींची बेरीज असतं: शिवल्यावर दिसणारं कापड आणि शिवणीसाठी सोडलेली माया. ब्लॉक लहान-मोठा करताना दिसणारं कापड बदलतं, माया बदलत नाही. ब्लॉक ४ इंची असो की २४ इंची, तुम्ही शिवणार पाव इंचावरच. म्हणून आधी माया वजा करायची, मग गुणायचं, आणि शेवटी माया पुन्हा मिळवायची. साडेसहातून अर्धा गेला की ६. पाचातून अर्धा गेला की साडेचार. साडेचार भागिले ६ म्हणजे पाऊण पट. आता साडेतीनचा चौकोन: माया काढून ३, त्याचे पाऊण पट सव्वादोन, माया घालून पावणेतीन. तुम्ही कापलेत दोन इंच साडेपाच सूत. फरक फक्त अर्ध्या सुताचा.

अर्ध्या सुताने एवढं काय होतं ते टोकापाशी पाहा. आयताच्या दोन्ही बाजूंना चौकोन ठेवून कर्णावर शिवायचं आणि उलटायचं, या पद्धतीत ते दोन चौकोन मधोमध एकमेकांवर बरोबर अर्धा इंच चढायला हवेत. तेव्हाच दोन्ही शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू वरच्या कडेपासून दोन सूत खाली येतो, आणि पुढची पाव इंची शिवण त्या बिंदूवरून अलगद जाते. तुमचे दोन चौकोन मिळून पाच इंच तीन सूत, आयत पाच इंचांचा. म्हणजे चढले तीनच सूत. छेदबिंदू कडेपासून दीड सूत खाली आला आणि दोन सुतांची शिवण त्याच्या आतून गेली. टोक अर्ध्या सुताने बोथट झालं. चांदणीत नजर आधी टोकांवरच जाते, त्यामुळे एवढं सुद्धा लपत नाही.

तुमचं प्रमाण एकाच्या फार दूर नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं. कुणी ब्लॉक निम्मा करायला घेतला आणि चार इंच सात सुतांचा त्रिकोणी जोडाचा चौकोन (याला माया सात सूत, का ते खाली सांगते) सरळ अर्धा केला, तर त्याला दोन इंच साडेतीन सूत मिळतात, हवेत दोन इंच सात सूत. तो ब्लॉक जुळतच नाही. झेरॉक्सवर नमुना मोठा करतानाही हाच घोळ होतो. यंत्र मायेलाही मोठं करतं. नमुना मोठा करायचाच असेल तर आतली शिवणरेषा मोठी करा आणि पाव इंच नव्याने आखा.

कोणत्या तुकड्याला किती माया, हे एकदा पाठ करून टाका. चौकोन आणि आयत यांना अर्धा इंच. दोन चौकोन कर्णाच्या दोन्ही बाजूंना शिवून, मधोमध कापून दोन त्रिकोणी जोड काढायचे असतील, म्हणजे हाफ स्क्वेअर ट्रँगल, तर सात सूत. चार त्रिकोणांचा जोड, म्हणजे क्वार्टर स्क्वेअर ट्रँगल, तर सव्वा इंच. सात सूत कुठून आले असं विचारतात, तर दोन सरळ कडांचा अर्धा इंच आणि कर्णावरच्या शिवणीचे साधारण ०.३५ इंच, मिळून ०.८५, ते वरच्या सुतापर्यंत ओढून सात. हे आकडे ब्लॉकच्या आकाराबरोबर हलत नाहीत.

मग आता पावणेतीनने कापायला घ्यायचं का? गणित बरोबर येईल, ब्लॉक ९ इंची होईल, पण मी तसं करणार नाही. ५ इंची तुकड्यातून पावणेतीनचा चौकोन एकच निघतो. दुसरा काढायला सव्वादोन इंच उरतात, अर्धा इंच कमी. आठ टोकांसाठी आठ तुकडे खर्ची, मधला एक, म्हणजे एका चांदणीला नऊ छापील (पॅकमधले) तुकडे आणि डबाभर सव्वादोन इंची पट्ट्या. ८४ तुकड्यांत नऊ ब्लॉक. तयार तुकडे घेण्यातली सगळी मजाच गेली.

इथे खरी गोम आहे, आणि ती गुणाकारात नाही. अख्खा ५ इंची तुकडा शिवल्यावर साडेचार दिसतो. तोच चार भागांत कापून पुन्हा जोडला तर चारच दिसतो, कारण मधे नवी शिवण आली आणि तिने आपला अर्धा इंच घेतला. दोन ५ इंची तुकड्यांतून त्रिकोणी जोड केले तर पाचातून सात सूत जातात, उरतात चार इंच एक सूत. ते छाटून नेमके चार दिसतील असे करायचे. म्हणजे ज्या ब्लॉकमध्ये ५ इंची तुकडा कुठेही कापला जाणार आहे, त्याचं खरं माप साडेचार नसून चार आहे. अख्ख्या तुकड्याला पाहून साडेचारवर ब्लॉक बेतला की बाकी सगळे तुकडे त्याच्यामागे फरफटतात. उलट करायचं: जो तुकडा सर्वांत जास्त वेळा कापला जाणार त्याला प्रमाण मानायचं, आणि अख्ख्या राहणाऱ्या तुकड्याला अर्धा इंच छाटायचा. छाटताना जीव हळहळतो, मला कळतं. पण एका तुकड्याचा अर्धा इंच वाचवायला बाकी आठांचे निम्म्याहून जास्त कापड घालवण्यात हशील नाही.

तुमच्या चांदणीला हे लावून बघू. ती चार बाय चारच्या जाळ्यावर बसते. मूळ पॅटर्नमध्ये जाळ्याचं घर ३ इंचांचं. आपण घर २ इंचांचं करू. मग टोकांचे आठ चौकोन अडीच इंचांचे: दोन ५ इंची तुकडे, प्रत्येकी चार, एक धागाही वाया नाही. मधला चौकोन शिवल्यावर ४, म्हणून कापताना साडेचार: एक तुकडा, दोन बाजूंनी अर्धा इंच छाटून. कोपऱ्यांचे चार पांढरे चौकोन अडीचचे, चार पांढरे आयत अडीच बाय साडेचारचे. झाला ८ इंची ब्लॉक, कच्चा साडेआठ. छापील तुकडे लागले फक्त तीन. ८४ भागिले ३, म्हणजे २८ चांदण्या. कुणाकडे पांढरं कापड नसेल आणि पार्श्वभूमीही पॅकमधूनच काढायची असेल तर कोपऱ्यांना एक, आयतांना दोन असे आणखी तीन. एका ब्लॉकला सहा. ४२ च्या पॅकमध्ये बरोबर सात ब्लॉक बसतात आणि शिल्लक शून्य. असा हिशेब जुळला की मला उगाच आनंद होतो.

पण तुमचा आराखडा १२ इंची ब्लॉकचा आहे, ४८ बाय ६० इंचांचा. ८ इंची ब्लॉकने तेवढंच क्षेत्र भरायचं तर लांबीत साडेसात ब्लॉक येतात, ते काही जमणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक चांदणीला चौफेर अडीच इंची पट्टीची चौकट करा: साडेआठच्या दोन, साडेबाराच्या दोन. दोन्हीकडून दोन-दोन इंच वाढून ८ चे १२ होतात आणि मूळ आराखड्याला हातही लावावा लागत नाही. चौकट पांढरीच ठेवलीत तर चांदणी तरंगल्यासारखी दिसते. गडद रंगाची केलीत तर प्रत्येक ब्लॉक खिडकीसारखा वेगळा पडतो. इतके निरनिराळे छाप एकत्र असताना मी पांढरीच करीन, डोळ्याला विसावा हवा.

पांढरं किती लागेल? आडव्या रुंदीत काठ सोडून ४० इंच धरा आणि सगळं अडीच इंची पट्ट्यांमधून काढा. साडेबाराचे ४० तुकडे, पट्टीत तीन, म्हणजे १४ पट्ट्या. साडेआठचे ४०, पट्टीत चार, १० पट्ट्या. साडेचारचे ८० आयत, पट्टीत आठ, १० पट्ट्या. अडीचचे ८० चौकोन, पट्टीत सोळा, ५ पट्ट्या. एकूण ३९ पट्ट्या, साडेसत्त्याण्णव इंच. पावणेतीन वारात (९९ इंच) जेमतेम बसतं. तीन वार घ्या, कापताना एखादी पट्टी वाकडी जातेच.

वीस चांदण्यांना ६० तुकडे जातील, २४ उरतील. त्यांची किनार करा. अडीच इंची छापील आणि पांढरे चौकोन आलटून पालटून: ४८ इंचांच्या बाजूला २४, ६० च्या बाजूला ३०, चार कोपरे, एकूण ११२. सम आकडा आहे, म्हणून फिरून आल्यावर छापील-पांढऱ्याची आलटापालट कुठेही मोडत नाही. छापील लागतात ५६, म्हणजे १४ तुकडे. पांढरे बरेचसे पट्ट्यांच्या उरलेल्या टोकांतून निघतील. क्विल्ट ५२ बाय ६४ चा होईल. हे इतकं सुखाने जुळतं कारण सगळं २ इंची घरावर आहे. अडीच इंची पट्ट्यांची तयार गुंडाळी, ५ इंची चौकोन आणि १० इंची चौकोन हे तिन्ही या एका घरात वाया न जाता उतरतात. उद्या कुणी वेगळा पॅक भेट दिला तरी तो यात मिसळता येईल.

आणखी एक. आयतावर चौकोन उलटण्याच्या पद्धतीत कोपऱ्याचे त्रिकोण कापून टाकावे लागतात. कापण्याआधी, कोपऱ्याच्या बाजूला पहिल्या शिवणीपासून अर्ध्या इंचावर दुसरी शिवण मारा आणि दोन्हींच्या मधोमध कापा. हातात आयता त्रिकोणी जोड येतो, छाटून दीड इंचाचा. ब्लॉकमागे आठ. मी ते बरणीत टाकते. बरणी भरली की उशीचा अभ्रा होतो.

कात्री किंवा रोटरी कटर हातात घेण्याआधी मात्र पॅक मोजा. तयार चौकोनांच्या कडा नागमोडी दात्यांनी कापलेल्या असतात, म्हणजे धागे सुटत नाहीत. आता ५ इंच कुठून कुठे? काही पॅकमध्ये दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत ५ भरतात, काहींत खाचेपासून खाचेपर्यंत, आणि मग टोकं ५ च्या पुढे जातात. मी एकदा दोन वेगळ्या बनावटीचे पॅक न मोजता मिसळले आणि नऊ-नऊ चौकोनांचे ब्लॉक शिवत सुटले. अख्खे तुकडे तीन बाय तीन, शिवल्यावर साडेतेरा यायला हवेत. निम्मे साडेतेरा आले, निम्मे तीन सुतांनी मोठे. प्रत्येक तुकडा एकेका सुताने मोठा होता, बस. अकरा ब्लॉक उसवले. तेव्हापासून पॅक उघडला की वरचा, मधला आणि खालचा असे तीन तुकडे पट्टीखाली ठेवते आणि टोकांवरून मोजते. टोकांत ५ भरले तर शिवतानाही टोकाची कड धरून पाव इंच घ्यायचा. जास्त भरले तर आधी छाटून ५ करायचे. आणि कमी भरले, समजा अर्धा सूत, तर अडीचचे चार चौकोन निघणार नाहीत. मग घरच लहान करा. अडीचऐवजी दोन इंच तीन सूत कापा, मधला सव्वाचार, आयत दोन इंच तीन सूत बाय सव्वाचार, आणि ब्लॉक साडेसात इंची होईल.

तुकडे शिवण्याआधी धुऊ नका. एवढा लहान तुकडा धुतला की आटतो, कडा उसवतात आणि ५ चे ५ राहत नाहीत. इस्त्री करा, पण कोरडी; वाफेने सुद्धा सुती कापड थोडं आखडतं. इस्त्री फिरवू नका, ठेवा आणि उचला.

तुमच्या पाव इंचाचीही एकदा परीक्षा घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, शिवणी दाबा आणि रुंदी मोजा. साडेतीन भरली आणि मधली पट्टी नेमकी एक इंच दिसली तर शिवण बरोबर. कमी भरली तर सुई एक-दोन धागे कडेकडे सरकवा, कारण दोरा आणि कापडाची घडी मिळूनही थोडी जागा खातात. एका शिवणीला अर्ध्या सुताची चूक फार वाटत नाही, पण ओळीत आठ शिवणी आल्या की ती अर्धा इंच होते.

इतर ब्लॉकना हाच विचार लावताना आधी जाळं ओळखा. चर्न डॅश तीन बाय तीनचा. घर ४ इंचांचं धरलं की ५ इंची तुकड्यांतून बरोबर १२ इंची ब्लॉक होतो, छापील चार आणि पार्श्वभूमीचे पाच तुकडे. बेअर्स पॉ सात बाय सातचा, २ च्या घराने १४ इंची. ओहायो स्टारपाशी मात्र सावध. त्यात चार त्रिकोणांचे जोड असतात, त्यांना सव्वा इंच माया. पाचातून सव्वा गेले की पावणेचार, छाटून साडेतीन. म्हणजे तीन बाय तीनचा ब्लॉक साडेदहा इंची, आणि साधे चौकोन ४ इंचांचे कापायचे. साडेचारच्या घराने करायला गेलात तर त्या जोडांसाठी पावणेसहा इंची कापड लागेल, ते पॅकमध्ये नाही.

मापं इंचांत आहेत तर शेवटपर्यंत इंचांतच राहा. ५ इंच म्हणजे १२.७ सेंटीमीटर, कुणी ते साडेबारा धरतं, कुणी तेरा, आणि मग पाव इंचाच्या जागी ६ मिलिमीटर घेतले की दोन्ही चुका एकमेकींत मिसळतात.

आणि जर मूळ १२ इंची चांदणीच हवी असेल, चौकट नको, तर ५ इंची पॅक बाजूला ठेवून १० इंची चौकोन वापरा. साडेसहा अधिक साडेतीन बरोबर १०. एका पांढऱ्या १० इंची चौकोनातून साडेतीन इंची दोन पट्ट्या काढा. प्रत्येकीतून साडेसहाचा एक आयत आणि साडेतीनचा एक चौकोन निघतो, काहीही न उरता. असे दोन चौकोन कापले की ब्लॉकची सगळी पार्श्वभूमी तयार. छापीलमध्ये मात्र गंमत होते. एका चौकोनातून मधला साडेसहा आणि टोकांचे तीन, दुसऱ्यातून टोकांचे चार. मिळून टोकं सात, आणि चांदणीला लागतात आठ. आठवं दुसऱ्याच छापाचं घ्या आणि ते प्रत्येक ब्लॉकमध्ये वेगळ्या दिशेला ठेवा.